कॅनडातील लंडन शहराचा कारभार

लंडन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इंग्लंडची राजधानी उभी राहते. पण त्याच नावाचे, टेम्स याच नावाच्या नदीकाठी वसलेले आणखी एक शहर कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात आहे. टोरांटोच्या नैर्ऋत्येला सुमारे १९० किलोमीटरवरच्या या गावाची वसाहत १८२६ मध्ये सुरू झाली आणि १८५५ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. २०२१ च्या जनगणनेनुसार लंडनची लोकसंख्या ४ लाख २२ हजार ३२४ आहे. २०१६ मध्ये ती ३ लाख ८३ हजार ८२२ होती. म्हणजे पाच वर्षांत दहा टक्क्यांची भर पडली. टोरांटो किंवा मॉन्ट्रियलसारखे हे महानगर नव्हे, पण लहान गावही नव्हे. कॅनडातील मध्यम आकाराच्या शहराचे स्थानिक शासन कसे चालते, हे समजून घेण्यासाठी म्हणूनच लंडनचे उदाहरण उपयुक्त ठरते. गेल्या काही वर्षांत या शहराच्या परिषदेने निवडणूक पद्धतीचा एक प्रयोग केला, तो गमावला आणि त्यानंतर महापौर व नगरसेवक यांच्यातील अधिकारांचा तोलही बदललेला पाहिला. त्यामुळे हा अभ्यास केवळ नियमांचा राहत नाही.

राज्यघटनेत स्थान नाही

कॅनडातील कोणत्याही शहराचा विचार करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. कॅनडाच्या राज्यघटनेत केंद्र आणि प्रांत अशा दोनच सत्तास्थानांना स्वतंत्र अस्तित्व आहे. १८६७ च्या घटना कायद्याच्या कलम ९२ मधील आठव्या पोटकलमाने 'नगरसंस्था' हा विषय प्रांतांच्या स्वाधीन केला. भारतात ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा दिला, तसे कॅनडात झालेले नाही. प्रांताची विधानसभा कायदा करून शहर निर्माण करू शकते, त्याच्या सीमा बदलू शकते, दोन शहरांचे एकत्रीकरण करू शकते आणि परिषदेतील जागाही कमी-जास्त करू शकते.

हा अधिकार केवळ पुस्तकी नाही, हे २०१८ मध्ये टोरांटोने अनुभवले. निवडणुकीची प्रक्रिया सुरू झालेली असताना ऑन्टारियो सरकारने कायदा करून त्या शहरातील प्रभागांची संख्या ४७ वरून २५ वर आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी प्रांताची बाजू उचलून धरली. ऑन्टारियोतील सर्व ४४४ स्थानिक संस्थांना या निकालाने आपली जागा पुन्हा एकदा दाखवून दिली.

लंडनचा कारभार प्रामुख्याने प्रांताच्या २००१ च्या नगरपालिका कायद्यानुसार चालतो. याखेरीज निवडणुकांसाठी, नियोजनासाठी, हितसंबंधांच्या संघर्षासाठी आणि पोलिसांसाठी वेगवेगळे प्रांतिक कायदे आहेत. मिडलसेक्स परगण्याच्या मध्यभागी असूनही लंडन त्या परगण्याचा राजकीय भाग नाही. ऑन्टारियोत अनेक ठिकाणी वर प्रादेशिक परिषद आणि खाली नगर परिषद अशी द्विस्तरीय रचना आढळते. लंडनची रचना मात्र एकस्तरीय असल्याने रस्ते, पाणी, मलनिस्सारण, अग्निशमन, नियोजन आणि समाजकल्याण हे सारे विषय एकाच परिषदेकडे येतात.

पंधरा जणांची परिषद

शहराचे १४ प्रभाग असून प्रत्येक प्रभागातून एक नगरसेवक निवडला जातो. महापौराची निवड मात्र संपूर्ण शहरातील मतदार थेट करतात. अशी एकूण १५ सदस्यांची परिषद शहराची सर्वोच्च निर्णयसंस्था होय. महापौर परिषदेचा अध्यक्ष असतो, परंतु त्याला सभागृहात एकच मत असते. मते समसमान पडल्यास ठराव फेटाळला गेला असे मानतात, निर्णायक जादा मताची सोय नाही.

ही रचना फार जुनी नाही. २००६ पर्यंत शहरात सात प्रभाग होते आणि प्रत्येकातून दोन प्रतिनिधी निवडून येत. त्यांच्या जोडीला संपूर्ण शहरातून निवडलेले चार 'नियंत्रक' आणि महापौर मिळून नियंत्रण मंडळ असे. अंदाजपत्रक आणि महत्त्वाच्या नेमणुका या मंडळाच्या हातून जात. एके काळी ऑन्टारियोतील बऱ्याच मोठ्या शहरांत अशी मंडळे होती, ती एकेक करून बंद झाली. लंडनचे मंडळ सर्वांत शेवटपर्यंत टिकले आणि २०१० च्या निवडणुकीबरोबर संपुष्टात आले. परिषदेची सदस्यसंख्या त्यामुळे १९ वरून १५ झाली आणि सर्व नगरसेवक एका पातळीवर आले.

आपल्या वाचकांना नवल वाटेल अशी एक बाब म्हणजे परिषदेत पक्ष नाहीत. व्हँकुव्हर आणि मॉन्ट्रियल येथे स्थानिक पक्ष निवडणुका लढवतात. ऑन्टारियोत मात्र मतपत्रिकेवर उमेदवाराचे केवळ नाव असते. एखादा नगरसेवक लिबरल आहे की कॉन्झर्व्हेटिव्ह, हे शहरात सर्वांना ठाऊक असू शकते, पण सभागृहात पक्षादेश नसतो. त्यामुळे बहुमत प्रत्येक विषयासाठी नव्याने जमवावे लागते. आज पोलिसांच्या निधीवर एकत्र आलेले आठ सदस्य उद्या बससेवेच्या प्रश्नावर एकमेकांविरुद्ध मतदान करताना दिसतात. महापौराचे खरे कौशल्य दीर्घकाळ याच आठ मतांच्या जुळणीत मोजले जात असे.

मतदार कोण, उमेदवार कोण

निवडणूक दर चार वर्षांनी ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी होते. २०१८ मध्ये ती २२ ऑक्टोबरला आणि २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला झाली. वयाची १८ वर्षे पूर्ण केलेला कॅनडाचा नागरिक शहरात राहत असेल, अथवा शहरात त्याच्या वा जोडीदाराच्या मालकीची किंवा भाड्याची जागा असेल, तर तो मतदान करू शकतो. कायम निवासाचा परवाना असलेल्या, परंतु अद्याप नागरिकत्व न मिळालेल्या व्यक्तीला मताधिकार नाही. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबे घर घेतात, मालमत्ता कर भरतात, मुलांना शहराच्या क्रीडासंकुलात पाठवतात. पण नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत प्रभागाचा नगरसेवक निवडण्यात त्यांचा वाटा नसतो.

नगरसेवकपदाच्या उमेदवाराने १०० डॉलर आणि महापौरपदाच्या उमेदवाराने २०० डॉलर शुल्क भरायचे असते. सोबत २५ मतदारांच्या पाठिंब्याच्या सह्या लागतात. कंपन्या आणि कामगार संघटना यांच्या देणग्यांवर २०१८ च्या निवडणुकीपासून बंदी आहे. एका व्यक्तीला एका उमेदवारास १२०० डॉलरपर्यंतच देणगी देता येते. शाळांचे विश्वस्त त्याच दिवशी निवडले जात असले तरी शाळा हा नगर परिषदेचा विषय नाही. रुग्णालयेही प्रांताच्या अखत्यारीत येतात.

एवढी सोपी व्यवस्था असूनही मतदारांचा उत्साह बेताचाच असतो. २०२२ मध्ये लंडनमध्ये सुमारे एक चतुर्थांश मतदारांनीच मतदान केले. त्या निवडणुकीत जॉश मॉर्गन महापौरपदी निवडून आले. ते त्यापूर्वी नगरसेवक होते. मावळते महापौर एड होल्डर त्या वेळी पुन्हा उभे राहिले नव्हते.

पसंतीक्रमाचा प्रयोग

लंडनचे नाव कॅनडाच्या राजकीय इतिहासात कायमचे नोंदले गेले ते २०१८ च्या निवडणुकीमुळे. २०१६ मध्ये ऑन्टारियो सरकारने नगरसंस्थांना पसंतीक्रमाने मतदान घेण्याची मुभा दिली. लंडनच्या परिषदेने मे २०१७ मध्ये तसा निर्णय घेतला. आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकीत पसंतीक्रम लिहावा लागतो, त्याच जातीची ही पद्धत. लंडनच्या मतदाराला तीन उमेदवारांपर्यंत क्रम देता येत असे. कोणालाही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास शेवटचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजली जाई. महापौरपदाचा निकाल मोजणीच्या अनेक फेऱ्यांनंतर दुसऱ्या दिवशी लागला आणि एड होल्डर विजयी झाले. अर्वाचीन काळात अशा पद्धतीने निवडणूक घेणारे लंडन हे कॅनडातील पहिले शहर ठरले.

याच निवडणुकीत १३ व्या प्रभागातून एरिएल कायाबागा निवडून आल्या. लंडनच्या परिषदेत बसणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत. २०२१ मध्ये त्या केंद्रीय संसदेवर निवडून गेल्या.

प्रयोगाला दुसरी संधी मात्र मिळाली नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये महासाथीच्या काळातील एका कायद्याद्वारे प्रांत सरकारने पसंतीक्रमाची मुभाच काढून घेतली. खर्च आणि गोंधळ टाळणे, तसेच सर्व पातळ्यांवर एकच पद्धत ठेवणे, ही कारणे देण्यात आली. किंग्स्टन आणि केंब्रिज या दोन शहरांतील मतदारांनी २०१८ मध्येच जनमत घेऊन या पद्धतीला कौल दिला होता. त्यांना ती एकदाही वापरता आली नाही. लंडन २०२२ मध्ये निमूटपणे जुन्या पद्धतीकडे परतले. शहराने स्वतःचे प्रतिनिधी कसे निवडावेत, हा निर्णयदेखील अखेर शहराचा नाही, हे या घटनेने स्पष्ट झाले.

निर्णयाचा प्रवास

नगर भवन डफरिन मार्गावर, व्हिक्टोरिया उद्यानाजवळ आहे. १९७१ मध्ये उघडलेल्या या इमारतीत परिषदेच्या सभा होतात. मात्र सभागृहातील मतदान हा निर्णयाचा शेवटचा टप्पा असतो. खरे काम आधी समित्यांमध्ये होते. नियोजन व पर्यावरण, नागरी सेवा व सुरक्षा, पायाभूत कामे, प्रशासन व वित्त अशा विषयांची विभागणी समित्यांत केलेली असते. समित्यांची नावे आणि संख्या परिषद वेळोवेळी बदलते. धोरणविषयक मोठे प्रश्न आणि अंदाजपत्रक यांवर सर्व पंधरा सदस्यांची समिती बसते.

एखादा विषय साधारणपणे असा पुढे सरकतो. प्रशासन लेखी अहवाल तयार करते. त्यात प्रश्न, पर्याय, खर्च आणि शिफारस नमूद असते. हा अहवाल कार्यक्रमपत्रिकेसह सभेपूर्वी प्रसिद्ध केला जातो. समितीपुढे नागरिकांना म्हणणे मांडता येते, त्यासाठी काही मिनिटांची मर्यादा असते. समिती शिफारस करते आणि मग परिषद ती मंजूर करते, फेटाळते, दुरुस्त करते किंवा परत पाठवते. कोणी कसे मत दिले याची नोंद होते आणि सभांचे चित्रण घरबसल्या पाहता येते.

परिषदेचा अधिकार कायद्याच्या भाषेत पोटनियमांद्वारे अमलात येतो. वाहने कोठे उभी करावीत, कुंपण किती उंच असावे, भाड्याच्या घरांना परवाना लागावा काय, असे शेकडो पोटनियम आहेत. काही वेळा त्यांतून मोठे तत्त्वाचे प्रश्न उभे राहतात. गर्भपातविरोधी संघटना भ्रूणांची विदारक छायाचित्रे असलेली पत्रके घरोघरी टाकत. त्यावर नागरिकांच्या तक्रारी आल्या, तेव्हा २०२२ मध्ये परिषदेने अशी चित्रे बंद लिफाफ्यातूनच द्यावीत आणि त्यावर इशारा छापावा असा पोटनियम केला. अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि घरातील शांतता यांचा मेळ घालण्याचे काम येथे नगरसेवकांना करावे लागले.

प्रशासनाचा प्रमुख हा नगर व्यवस्थापक असतो. आपल्याकडील महापालिका आयुक्त राज्य शासन नेमते. लंडनमध्ये ही नेमणूक शहराच्याच हाती असून या पदावरील व्यक्ती प्रांताच्या सेवेतील अधिकारी नसते. नगरसेवक धोरण ठरवतात आणि कर्मचारी ते राबवतात अशी सीमारेषा मानली जाते. एखाद्या नगरसेवकाला एखाद्या अभियंत्यास परस्पर आदेश देता येत नाही. आदेश देण्याचा अधिकार संपूर्ण परिषदेचा असतो.

पैसा आणि पोलीस

शहराच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा आधार मालमत्ता कर हा होय. आयकर अथवा विक्रीकर लावण्याचा अधिकार शहराला नाही. मालमत्तांचे मूल्यांकनही शहर करीत नाही, ते प्रांतभरासाठी असलेली एक स्वतंत्र संस्था करते. १ जानेवारी २०१६ च्या किमतींवर आधारलेल्या मूल्यांकनानंतरचे फेरमूल्यांकन महासाथीच्या वेळी लांबणीवर पडले. कराच्या देयकातील शिक्षणाचा भाग प्रांत ठरवतो, उरलेल्या भागाचा दर परिषद ठरवते. दैनंदिन खर्चासाठी तुटीचे अंदाजपत्रक मांडण्यास कायद्याने मनाई आहे. कर्ज काढता येते ते रस्ते, पूल, जलवाहिन्या अशा भांडवली कामांसाठी, आणि त्याच्या परतफेडीवरही प्रांताने मर्यादा घातलेली आहे.

२०१६ पासून लंडन चार वर्षांचे अंदाजपत्रक एकत्र तयार करते. परिषद आपल्या कारकिर्दीच्या आरंभी चार वर्षांचे धोरण ठरवते, त्यानुसार पैशाची आखणी होते आणि दरवर्षी त्यात आवश्यक ते फेरबदल केले जातात. २०१६ ते २०१९, २०२० ते २०२३ आणि २०२४ ते २०२७ अशी तीन अंदाजपत्रके या पद्धतीने मंजूर झाली.

यातील तिसरे अंदाजपत्रक सर्वाधिक गाजले. लंडन पोलिसांनी चार वर्षांसाठी एकूण ६७ कोटी २० लाख डॉलरची मागणी केली. शहराच्या इतिहासातील ही पोलिसांची सर्वांत मोठी मागणी होती. येथे परिषदेच्या अधिकाराची आणखी एक मर्यादा दिसते. पोलीस दलावर परिषदेचे थेट नियंत्रण नसते. ते सात सदस्यांच्या पोलीस मंडळाकडे असते. त्यात महापौर, दोन नगरसेवक, परिषदेने नेमलेला एक नागरिक आणि प्रांताने नेमलेले तीन सदस्य बसतात. परिषद एकूण रक्कम ठरवू शकते, पण त्यातील अमुक गाड्या घेऊ नका, तमुक पदे भरू नका असे सांगू शकत नाही. रक्कम कमी केल्यास मंडळाला त्याविरुद्ध दाद मागता येते.

नागरिकांत दोन तट पडले. पोलीस वेळेवर येत नाहीत, गोळीबाराच्या घटना वाढल्या आहेत, असे एका बाजूचे म्हणणे होते. एवढाच पैसा घरे, बससेवा आणि बेघरांसाठी खर्च केल्यास गुन्ह्यांचे मूळच कमी होईल, असे दुसरी बाजू सांगत होती. अखेर मागणी मान्य झाली आणि २०२४ साठी मालमत्ता करात सुमारे पावणेनऊ टक्के वाढ झाली.

महापौराचे वाढीव अधिकार

हे अंदाजपत्रक आणखी एका कारणाने वेगळे होते. ते परिषदेने नव्हे, तर महापौरांनी मांडले होते. ऑन्टारियो सरकारने २०२२ मध्ये टोरांटो आणि ओटावा या दोन शहरांच्या महापौरांना विशेष अधिकार दिले. घरांची टंचाई दूर करण्यासाठी निर्णय झटपट व्हावेत, हे त्याचे कारण सांगण्यात आले. १ जुलै २०२३ पासून आणखी २६ शहरांना हे अधिकार लागू झाले आणि त्यात लंडनचा समावेश होता. लंडनने २०३१ पर्यंत ४७ हजार घरे उभारण्याचे उद्दिष्ट स्वीकारले होते. १ मे २०२५ पासून आणखी १६९ नगरसंस्था या यादीत आल्या.

या कायद्यानुसार नगर व्यवस्थापकाची नेमणूक, विभागांची रचना आणि समित्यांचे अध्यक्ष ठरवण्याचा अधिकार महापौराकडे जातो. यांपैकी काही अधिकार तो परिषदेकडे किंवा प्रशासनाकडे सोपवू शकतो. अंदाजपत्रकाचा मसुदा १ फेब्रुवारीपर्यंत महापौर मांडतो. परिषदेला दुरुस्त्यांसाठी ३० दिवस मिळतात. त्या दुरुस्त्यांवर महापौर १० दिवसांत नकाराधिकार वापरू शकतो. तो उलटवण्यासाठी परिषदेकडे १५ दिवस असतात आणि दोनतृतीयांश मते लागतात. लंडनच्या हिशेबाने ही संख्या दहा होते.

याहूनही वादग्रस्त तरतूद पोटनियमांची आहे. प्रांताने ठरवलेल्या प्राधान्याच्या विषयांवर, म्हणजे मुख्यतः घरे आणि त्यांना लागणारे रस्ते-पाणी यांवर, महापौराने मांडलेला पोटनियम एकतृतीयांशाहून अधिक मतांनी मंजूर होऊ शकतो. पंधरांच्या सभागृहात महापौर आणि पाच नगरसेवक एवढे पुरेसे ठरतात. उरलेल्या नऊ जणांनी विरोध केला तरी तो पोटनियम टिकतो. लोकशाहीत बहुमताचे राज्य असते, या समजुतीला हा सरळ छेद आहे. समर्थकांच्या मते संपूर्ण शहराने निवडलेली एकच व्यक्ती महापौर असल्याने जबाबदारीबरोबर अधिकारही तिच्याकडे असणे रास्त आहे. टीकाकार विचारतात, प्रभागातील मतदाराने निवडलेल्या नगरसेवकाच्या मताला मग काय किंमत राहिली?

जमीन आणि वाहतूक

शहर कोणत्या दिशेने वाढावे हे ठरवणे हा परिषदेचा कदाचित सर्वांत दूरगामी अधिकार होय. 'लंडन प्लॅन' हा विकास आराखडा परिषदेने जून २०१६ मध्ये स्वीकारला. शेतजमिनीवर पसरत जाण्याऐवजी शहराने आतल्या बाजूस आणि उंच वाढावे, अशी त्याची दिशा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये प्रांताने त्याला मान्यता दिली, परंतु अपिलांचा निपटारा होऊन तो संपूर्णपणे लागू होण्यास २०२२ उजाडले. परिषदेने इमारतीस नकार दिला तर विकासक प्रांतिक जमीन न्यायाधिकरणाकडे जातो आणि परिषदेचा निर्णय तेथे बदलू शकतो. जून २०२४ मधील एका कायद्याने सामान्य शेजाऱ्यांचा अशा अपिलांचा हक्क मात्र मोठ्या प्रमाणात काढून घेतला. त्यामुळे समितीपुढे मांडलेले म्हणणे हीच बहुतेकदा त्यांची शेवटची संधी ठरते.

बस जलदगती मार्गांच्या कथेतून पक्षविरहित परिषदेचे गुणदोष एकदम दिसतात. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा चारी दिशांना स्वतंत्र मार्गिकांवरून बस नेण्याची सुमारे ५० कोटी डॉलरची योजना आधीच्या परिषदेने आखली होती. २०१८ ची निवडणूक याच प्रश्नावर लढली गेली. मार्च २०१९ मध्ये नव्या परिषदेने योजनेचे तुकडे करून प्रत्येकावर वेगळे मतदान घेतले. मध्यवर्ती भागातील वळसा, पूर्व मार्ग आणि दक्षिणेकडील वेलिंग्टन मार्ग यांना मंजुरी मिळाली. उत्तर आणि पश्चिमेकडील मार्ग पडले. केंद्र व प्रांताचा पैसा मिळालेल्या मार्गांचे काम पुढे सुरू झाले. परंतु वेस्टर्न विद्यापीठ ज्या उत्तर भागात आहे, तो भाग मूळ आखणीतील जलद बसपासून वंचित राहिला.

उत्तरदायित्वाचे धडे

परिषदेच्या सभा खुल्या असाव्यात, असा कायद्याचा दंडक आहे. जमीनखरेदी, न्यायालयीन बाबी, व्यक्तिगत माहिती अशा ठरावीक विषयांसाठीच दार बंद करता येते. २३ फेब्रुवारी २०१३ रोजी, अंदाजपत्रकाच्या अंतिम मतदानाच्या तोंडावर, महापौरांसह सात सदस्य शहरातील एका उपाहारगृहात दुपारच्या जेवणासाठी एकत्र आले. ही केवळ मित्रांची भेट होती, असे सांगण्यात आले. ऑन्टारियोचे लोकपाल आंद्रे मारां यांनी चौकशी केली आणि ही भेट म्हणजे बेकायदा गुप्त सभाच होय, असा निष्कर्ष त्याच वर्षी प्रसिद्ध केला. लोकपालाला शिक्षा करण्याचा अधिकार नाही. अहवाल प्रसिद्ध करणे हेच त्याचे शस्त्र असते.

त्याच परिषदेचे महापौर जो फोंटाना यांच्यावर नोव्हेंबर २०१२ मध्ये फौजदारी आरोप दाखल झाले. प्रकरण त्यांच्या पूर्वीच्या केंद्रीय मंत्रिपदाच्या काळातील, २००५ मधील होते. आरोप असताना पदावरून दूर करण्याचा अधिकार परिषदेला नव्हता, त्यामुळे ते पदावर राहिले. जून २०१४ मध्ये फसवणूक, विश्वासभंग आणि बनावट दस्तऐवज या गुन्ह्यांत ते दोषी ठरले आणि त्यांनी राजीनामा दिला. उरलेल्या काही महिन्यांसाठी परिषदेने नगरसेविका जोनी बेक्लर यांना महापौर नेमले. पद रिक्त झाल्यावर परिषदेने नेमणूक करावी अथवा पोटनिवडणूक घ्यावी, हे दोन्ही मार्ग कायद्यात आहेत. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मतदारांनी सभागृहाचा चेहरामोहराच बदलून टाकला.

१ मार्च २०१९ पासून ऑन्टारियोतील प्रत्येक नगरसंस्थेला सचोटी आयुक्त नेमणे आणि सदस्यांसाठी आचारसंहिता करणे बंधनकारक झाले. आयुक्ताकडे कोणीही नागरिक तक्रार करू शकतो. दोष सिद्ध झाल्यास परिषद समज देऊ शकते किंवा ९० दिवसांपर्यंतचे मानधन रोखू शकते.

आणखी एक नियम उल्लेखनीय आहे. निवडणुकीच्या काळात मावळत्या परिषदेतील तीनचतुर्थांशांहून कमी सदस्य परत येणार, हे निश्चित झाले तर त्या परिषदेचे हात बांधले जातात. अंदाजपत्रकात नसलेला ५० हजार डॉलरवरील खर्च किंवा तेवढ्या किमतीच्या मालमत्तेची विक्री तिला करता येत नाही, अधिकाऱ्यांना नेमता वा काढताही येत नाही. जाताजाता तिजोरी रिकामी करण्याला हा लगाम आहे.

परिषदेचे खरे बळ

या साऱ्याचा विचार करता लंडनची परिषद दुबळी आहे असे म्हणणे योग्य होणार नाही. नळाला येणारे ह्युरॉन व ईरी सरोवरांचे पाणी, हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ, बसचा मार्ग, घराशेजारी उभी राहणारी इमारत, हे सर्व तिच्या मतांवर ठरते. तिच्या सभा पाहता येतात, तिचे मतदान तपासता येते आणि नगरसेवकाला रस्त्यात गाठून जाब विचारता येतो. मात्र ज्या नियमांनी ती चालते, ते नियम टोरांटोतील प्रांतिक विधानसभेत लिहिले जातात आणि तेथेच बदलतात. पसंतीक्रमाची पद्धत आली तशी गेली. महापौराचे वाढीव अधिकारही शहराने मागून घेतले नाहीत, ते वरून आले. अशा स्थितीत परिषदेचे खरे बळ मतदाराच्या सहभागातच आहे. चारांतला एकच मतदार मतदान करीत असेल, तर तिच्या वतीने प्रांतापुढे बोलणारा आवाजही तेवढाच क्षीण राहणार. लंडनच्या नागरिकांपुढील हा प्रश्न कोणत्याही कायद्याने सुटणारा नाही.